औषध तेच, गाडी वेगळी

"अण्णा, ह्यात अंड्याचं पांढरं घालत्यात काय?"

येळ्ळूरच्या काकांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि किंमत विचारायच्या आधी हे विचारलं. माझं औषधाचं दुकान बेळगावात शहापूरच्या बाजूला आहे. कॅन्सरच्या औषधांची चिठ्ठी घेऊन येणारा माणूस आधी किंमत विचारतो, मग उधारी, मग सरकारी योजनेत बसतं का ते. अंड्याचा प्रश्न पहिल्यांदाच आला.

काकूंना स्तनाचा कॅन्सर, पसरलेला. पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाचा पहिला डोस सुरू झाला आणि काही मिनिटांतच चेहरा लालबुंद झाला, छातीवर दाब आला, दम लागला. नर्सने लगेच सलाईन थांबवली. मग डॉक्टरांनी सांगितलं की हेच औषध दुसऱ्या रूपात मिळतं, 'अल्ब्युमिन बाउंड', नॅनो कणांचं, ते देऊया. थोरल्या मुलाने मोबाईलवर अल्ब्युमिन शोधलं तर अंड्याचं चित्र आलं. घरात दोघांच्या गळ्यात माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही. "डॉक्टर चांगलं सांगायलेत म्हणा," काका म्हणाले, "पण शिरेतनं अंडं घालून घ्यायचं म्हंजे…"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. पुढे जे लिहितोय ते त्या दुपारी गिऱ्हाईक सांभाळत तुकड्यातुकड्याने सांगितलं, थोडं नंतर वाचून पक्कं केलं.

आधी अंड्याचं. अल्ब्युमिन हे एका प्रथिनाचं नाव नसून सारख्या गुणाच्या प्रथिनांच्या घराण्याचं नाव आहे. लॅटिनमधल्या 'पांढरा' या शब्दावरून ते आलं. अंड्यात एक अल्ब्युमिन असतं हे खरं, पण या औषधातलं अल्ब्युमिन माणसाचं असतं. रक्तदानातून मिळालेल्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करून त्यातून ते काढतात. लिव्हरच्या पेशंटला 'अल्ब्युमिन कमी झालंय' म्हणून जी महागडी बाटली चढवतात, तिच्यातलंही हेच. काकांचा चेहरा जरा सैल झाला. गंमत म्हणजे काकूंना आधी जे औषध चढवलं त्या मूळ बाटलीत जवळपास निम्मं अल्कोहोल असतं. त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मीही बोललो नाही.

आता औषधात अल्कोहोल का, हे समजलं की नॅनो कणांची निम्मी गोष्ट समजते.

पॅक्लिटॅक्सेल हे एका झाडाच्या सालीत सापडलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलात 'पॅसिफिक यू' नावाचं मंद वाढणारं सदाहरित झाड आहे. १९६२ मध्ये कॅन्सरवर काही मिळतं का हे पाहायला तिथल्या वनस्पती गोळा करताना त्याची साल प्रयोगशाळेत गेली. त्या सालीतून नेमका गुणकारी पदार्थ वेगळा काढून त्याची रचना १९७१ मध्ये जगासमोर मांडणाऱ्या जोडगोळीतलं एक नाव मन्रो वॉल आणि दुसरं मनसुख वाणी. वाणी आपले, नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिका. कॅन्सरच्या वॉर्डात रोज लटकणाऱ्या बाटलीमागे खानदेशातला माणूस आहे, हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नाही.

हे औषध करतं काय? पेशी दुभंगते तेव्हा आत बारीक नळ्यांचा एक मांडव उभा राहतो. गुणसूत्रं त्या मांडवाच्या दोऱ्यांनी दोन बाजूंना ओढली जातात आणि काम झालं की मांडव उतरतो. पॅक्लिटॅक्सेल त्या नळ्यांना चिकटतं आणि मांडव उतरूच देत नाही. १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी ही गोम शोधली. मांडव अडकला की पेशी अर्ध्यातच खोळंबते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात म्हणून त्यांना जास्त फटका बसतो. केसांच्या मुळाशीही पेशी सारख्या दुभंगतात, म्हणून केस जातात. आणि मज्जातंतूंमध्ये याच नळ्या मालवाहतुकीच्या रुळांसारख्या लांबवर पसरलेल्या असतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

इतकं गुणी औषध, पण त्याला एक खोड. पाण्यात विरघळत नाही. रक्त म्हणजे बहुतांशी पाणी. न विरघळलेली पूड शिरेत सोडली तर ती कुठेतरी बारीक नळीत अडकून बसेल. मग शोधाशोध झाली आणि तोडगा निघाला एरंडेलात. एरंडेल तेलावर रासायनिक प्रक्रिया करून 'क्रेमोफोर' नावाचा दाटसर पदार्थ बनवतात. तो साबणासारखा आहे, एक बाजू तेलाशी जमवून घेते, एक पाण्याशी. क्रेमोफोर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात पॅक्लिटॅक्सेल विरघळतं. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली ती याच रूपाला.

मूळ बाटलीवरचं प्रमाण बघा. एका मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. एका प्रवाशामागे अठ्ठ्याऐंशी हमाल! मध्यम बांध्याच्या बाईला तीन आठवड्यांनी द्यायचा नेहमीचा डोस काढला तर औषध पाव ग्रॅमच्या आसपास आणि त्याच्यासोबत सुमारे २३ ग्रॅम क्रेमोफोर शिरेतून जातं, म्हणजे दीडेक टेबलस्पून.

शरीर एवढं परकं द्रव्य मुकाट्याने घेत नाही. काही जणांची प्रतिकारयंत्रणा खवळते, तीही बहुधा पहिल्या नाहीतर दुसऱ्या डोसला, सुरुवातीच्या काही मिनिटांत. काकूंचं नेमकं तेच झालं. म्हणून आधी स्टेरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं द्यायची, मग औषध तीन तास हळूहळू सोडायचं. क्रेमोफोर नेहमीच्या प्लास्टिकच्या नळीतलं रसायनही ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी लागते, आणि वाटेत गाळणीही. त्यातून हे हमाल रक्तातही औषधाला आपल्या घोळक्यात धरून ठेवतात, लवकर सोडत नाहीत. म्हणजे पेशंट ज्याला 'औषधाची रिॲक्शन' म्हणतो, ती पुष्कळदा औषधाची नसून गाडीची असते.

मग गाडी बदलायचं ठरलं, आणि नवी गाडी बाहेरून न आणता शरीरातलीच घेतली.

आपल्या रक्तातलं सगळ्यात मुबलक प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. लिव्हर रोज दहा-बारा ग्रॅम बनवतं, आणि एका लिटर प्लाझ्मात ते ३५ ते ५० ग्रॅम असतं. त्याचं एक काम पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचं. ते कमी झालं की पायाला सूज येते, पोटात पाणी होतं. दुसरं काम हमालीचं. पाण्यात न मिसळणाऱ्या वस्तू रक्तातून इकडून तिकडे पोचवायच्या. स्निग्धाम्लं, काविळीत वाढणारं बिलिरुबिन, काही हार्मोन, आपण गिळतो त्यातली कितीतरी औषधं, सगळी अल्ब्युमिनवर बसून जातात. आपल्या भागातल्या वडापच्या जीपगाडीसारखं. जो हात करेल त्याला चढवायचं, जिथं 'थांबीव' म्हणेल तिथं उतरवायचं. तिकीट नाही, रिझर्व्हेशन नाही, आणि पकडही घट्ट नाही. घट्ट पकड नसणं महत्त्वाचं, कारण माल उतरलाच नाही तर वाहतूक कशाची?

पॅक्लिटॅक्सेल या वडापमध्ये तसंही बसतंच. प्रश्न होता कोरडी पूड आधी तिच्यात चढवायची कशी.

कारखान्यात ते असं करतात. पॅक्लिटॅक्सेल क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवायचं. दुसरीकडे अल्ब्युमिन पाण्यात. दोन्ही एकत्र करून प्रचंड दाबाने अगदी अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा ढकलायचं. ताक घुसळताना लोण्याचे गोळे जमतात, इथं उलट, थेंब फुटत फुटत अतिसूक्ष्म होतात. प्रत्येक थेंबाभोवती अल्ब्युमिनचं आवरण बसतं. मग द्रावक उडवून लावायचा, उरतो औषधाचा कण आणि त्याभोवती प्रथिनाचा अंगरखा. शेवटी गोठवून सुकवायचं. बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध आणि साधारण ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन. अठ्ठ्याऐंशीच्या जागी नऊ हमाल, तेही घरचे. काकूंच्या पूर्ण डोसात जाणारं अल्ब्युमिन साडेतीन ग्रॅम असेल. त्यांच्या रक्तात आधीच शंभर ग्रॅमहून जास्त फिरतंय, त्याला पत्ताही लागणार नाही.

कण सरासरी १३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीवर असे पन्नासेक कण ओळीने मांडता येतील. हाच आकार का? फार लहान, म्हणजे पाच-सहा नॅनोमीटरच्या आतलं काही असलं तर मूत्रपिंड ते लघवीतून सोडून देतं. फार मोठं असलं तर लिव्हर-प्लीहेतल्या सफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात. आणखी एक कारखान्यातलं कारण आहे, ते मला जास्त आवडतं. हा माल उकळून निर्जंतुक करता येत नाही, प्रथिन आळून जाईल, उकडलेल्या अंड्यासारखं. म्हणून तो इतक्या बारीक गाळणीतून गाळतात की जंतू मागे राहतात. त्या गाळणीची भोकं २२० नॅनोमीटरची. कण त्याहून मोठे असते तर तेही मागेच राहिले असते.

हे औषध अमेरिकेत जानेवारी २००५ मध्ये पसरलेल्या स्तनकॅन्सरसाठी मान्य झालं, २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या एका प्रकारासाठी आणि २०१३ मध्ये स्वादुपिंडासाठी. आता भारतातल्या कंपन्याही बनवतात. तीन तासांऐवजी अर्ध्या तासात चढतं. आधीच्या स्टेरॉइडची बहुधा गरज पडत नाही.

आता नॅनो म्हटलं की जाहिरातीत आणि व्हॉट्सॲपवर एक चित्र येतं: कण म्हणजे क्षेपणास्त्र, बरोब्बर गाठीवर जाऊन फुटणारं. काकांच्या मुलाने तोच व्हिडिओ दाखवला. इथं जरा थांबायला हवं.

गाठ वाढताना घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या काढते. त्या कच्च्या असतात, भिंतीला फटी असतात. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की मोठे रेणू या फटींतून गाठीत झिरपतात आणि तिथेच साचतात, कारण निचरा करणाऱ्या वाहिन्या गाठीत धड नसतात. सीमेवरच्या माणसाला हे सांगायला नको. कोरोनात कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जात होत्या, तरी शिनोळी-बाचीकडच्या शिवारातल्या वाटांनी माणसं ये-जा करतच होती. निरोगी अवयव म्हणजे कडक नाका, गाठ म्हणजे आडवाटांनी पोखरलेली शीव. नॅनो औषधांचा सगळा डोलारा वीस-पंचवीस वर्षं याच कल्पनेवर उभा होता.

उंदरात हे छान दिसलं. उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, तिच्या वाहिन्या जास्तच गळक्या. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, तिचा काही भाग गळका, काही घट्ट. २०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा मधला आकडा निघाला ०.७ टक्के. टोचलेल्या शंभर कणांतला एकही धड गाठीपर्यंत पोचत नव्हता! उरलेले लिव्हर, प्लीहा आणि इतरत्र. २०२० मध्ये त्याच गटाने आणखी एक धक्का दिला. त्यांनी तपासलेल्या गाठींत कण फटींतून जातच नव्हते फारसे. ९७ टक्क्यांपर्यंत कण रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींनीच उचलून आत नेलेले होते. म्हणजे आडवाट नव्हेच, नाक्यावरच्या शिपायानेच हाताला धरून पलीकडे सोडलं.

अल्ब्युमिनच्या बाबतीत तर अजून मजा आहे. आपले १३० नॅनोमीटरचे सुबक कण रक्तात गेल्यावर फार वेळ कण राहतच नाहीत. पातळ झाले की लवकरच सुटतात, आणि उरतात अल्ब्युमिनचे साधे रेणू, पाठीवर औषध घेतलेले. म्हणजे नॅनो कण हा बाटलीपासून शिरेपर्यंतचा बंदोबस्त. पुढचा प्रवास आपल्या नेहमीच्या वडापनेच. या अल्ब्युमिनला रक्तवाहिनीच्या पेशी ओळखतात, बारीक पिशव्यांत भरून पलीकडे नेतात. काही कॅन्सर पेशी, विशेषतः स्वादुपिंडाच्या, भुकेने आजूबाजूचं प्रथिन घोटाघोटाने गिळतात, हे २०१३ मध्ये दिसून आलं. अल्ब्युमिन त्यांचं खाणं आहे, त्यात औषध असलं तर तेही पोटात जातं. गाठीतलं एक प्रथिन अल्ब्युमिनला ओढून धरतं असंही मधे जोरात सांगितलं जायचं. पण ते प्रथिन जास्त असलेल्या पेशंटना औषध जास्त लागू पडतं असं काही मोठ्या तपासणीत दिसलं नाही, आणि तो मुद्दा मागे पडला.

मग उपयोग किती? काकांनी विचारलंच, "दुप्पट चांगलं हाय काय मग? पैसे तर कितीतरी पटीनं जास्त सांगायलेत."

ज्या चाचणीवर २००५ ची मान्यता मिळाली तिच्यात साडेचारशेच्या वर स्त्रिया होत्या. गाठ ठळकपणे आकसली अशांचं प्रमाण जुन्या रूपात १९ टक्के, नव्यात ३३. पांढऱ्या पेशी अगदी तळाला जाणं जुन्यात २२ टक्के, नव्यात ९. इथं नव्याचा डोस जुन्याच्या जवळजवळ दीडपट होता, शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला १७५ मिलिग्रॅमच्या जागी २६०. गाडी सोसवते म्हणून माल जास्त भरता आला, हाच फायद्याचा मोठा भाग. पण हातापायांच्या मज्जातंतूंना जोरदार त्रास जुन्यात २ टक्क्यांना, नव्यात १० टक्क्यांना. हमाल बदलले तरी प्रवासी तोच आहे, त्याचा स्वभाव बदलत नाही, आणि आता तो जास्त संख्येने आलाय.

पुढे जुनं औषध दर आठवड्याला थोडं थोडं द्यायची पद्धत रुळली, ती तीन आठवड्यांच्या मोठ्या डोसापेक्षा सरस ठरली. तिच्याशी तुलना केली तेव्हा चित्र पालटलं. २०१५ मध्ये छापल्या गेलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, पसरलेल्या स्तनकॅन्सरमध्ये अल्ब्युमिनचं औषध जुन्यापेक्षा सरस ठरलं नाही आणि त्रास मात्र जास्त झाला. पुढच्या वर्षी जर्मनीतून उलट बातमी. ऑपरेशनच्या आधी दिल्यावर गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण नव्यात ३८ टक्के, जुन्यात २९. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये एका औषधाला जोड म्हणून दिल्यावर सरासरी आयुष्य ६.७ महिन्यांवरून ८.५ वर गेलं. दोन महिनेही पुरते नाहीत. त्या आजारात तेवढंही मोठं मानतात, आणि ज्याच्या घरात ते दोन महिने असतात त्याला विचारलं तर तो काय सांगेल ते मी इथं लिहू शकत नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर, ज्याला जुनं सोसतं त्याने नुसतं 'नॅनो' या शब्दासाठी कर्ज काढू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं की माझ्या बाबतीत यातून काय वेगळं मिळणार. काकूंची गोष्ट निराळी होती. त्यांचं भांडण औषधाशी नव्हतंच, क्रेमोफोरशी होतं.

दुकानदार म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही बाटल्यांवर पॅक्लिटॅक्सेल हेच नाव असतं, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डोस वेगळा, वेळ वेगळा. 'तेच तर आहे, स्वस्त बघून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं येतात, कधी निपाणीहून, कधी चिकोडीहून, लांबून आलेली, थकलेली. ब्लडप्रेशरच्या गोळीला ते चालेल, इथं नाही. आणि दुसरं, प्रथिनाने औषध पोचतं असं ऐकून प्रोटीन पावडरचे डबे आणू नका. तोंडाने खाल्लेलं प्रथिन पोटात तुटून सुटं होतं. ते अंगाला लागतं, औषधाची गाडी होत नाही.

आता थोडं आपल्या पश्चिमेच्या डोंगराकडे. कारण हीच अल्ब्युमिनची वडाप एका दुसऱ्या औषधाला नडली, आणि ते औषध आपल्याच घाटात आहे.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य काढलं होतं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की सह्याद्रीतल्या एका झाडात ते भरपूर आहे. ते झाड म्हणजे नरक्या. आंबोलीकडच्या लोकांना मी हे नाव सांगायला नको. घाणेरड्या वासामुळे पडलेलं नाव, आणि पुढे चोरट्या तोडीच्या बातम्यांत सारखं येणारं. ट्रक पकडला की पेपरात छापून येतं, 'कॅन्सरवरच्या औषधासाठी', पण पुढे त्या मालाचं काय होतं ते कुणी लिहीत नाही.

कॅम्प्टोथेसिनही पाण्यात विरघळत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून विरघळणारं मीठ केलं आणि पेशंटना दिलं. गुण फार नाही आणि मूत्राशयातून रक्तस्राव. प्रयोग बंद पडला. नंतर कळलं की ते कडं मिटलेलं असेल तरच औषध काम करतं. रक्तात मात्र ते आपोआप उघडत जातं, आणि उघडलं की माणसाचं अल्ब्युमिन त्याला घट्ट धरून ठेवतं, पुन्हा मिटूच देत नाही. वडापवाल्याने प्रवाशाला कोंडून ठेवल्यासारखं. उंदराच्या अल्ब्युमिनला ही खोड इतकी नाही, म्हणून उंदीर बरे व्हायचे आणि माणसं नाही. एकाच प्रथिनाने एका औषधाला तारलं आणि दुसऱ्याला मारलं. म्हणून 'नैसर्गिक प्रथिन आहे म्हणजे सगळ्यांना चांगलं' असं कुणी म्हणालं की मला नरक्या आठवतो.

त्यावर तोडगे निघाले. रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन आली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता. आणि अलीकडे याच घराण्यातलं एक जालीम नातलग अँटिबॉडीला साखळीने बांधून देतात, ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन, २०१९ ची मान्यता. अँटिबॉडीही प्रथिनच. पण तिला ठराविक पेशीचा पत्ता पाठ असतो आणि माल पेशीच्या आत पोचल्यावरच कुलूप उघडतं. ही वडाप नाही, ही मालकाची खासगी गाडी. दरही तसाच.

बाकी प्रथिनांवर जगभर काम चाललंय, ते धावतं सांगतो. दुधातलं केसिन हे निसर्गाचंच नॅनो पार्सल आहे. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या गोळ्यांत कॅल्शियम बांधून ते वासराला पोचवतं. दूध पांढरं दिसतं त्यात या गोळ्यांचाही हात असतो, उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो. कुंदा करताना आटत्या दुधात दही पडलं की हेच केसिन दाणेदार होतं. प्रयोगशाळेत अल्ब्युमिन किंवा जिलेटिनच्या द्रावणात हळूहळू अल्कोहोल सोडून प्रथिनाला असंच एकत्र यायला लावतात, फक्त दाणा डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी थांबतात. आपल्या जिल्ह्यात मका मुबलक. त्यातलं झाइन नावाचं प्रथिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे कण करून बघतायत. ॲनिमियात ज्याची तपासणी करतो ते फेरिटिन तर चोवीस तुकड्यांचा बारा नॅनोमीटरचा पोकळ डबा आहे. आम्लात उघडतो, आम्ल उतरवलं की मिटतो. आत लोहाऐवजी औषध भरायचं. हे ऐकायला सगळ्यात देखणं, पण केसिन, झाइन, फेरिटिन यातलं एकही अजून माझ्या कपाटात आलेलं नाही. अल्ब्युमिनवर बसवलेलं दुसरं एक औषध, सिरोलिमस, २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एका अतिशय दुर्मिळ गाठीसाठी मान्य झालं.

काकूंना नवं औषध सुरू झालं त्या दिवशी बाटल्या द्यायला मी स्वतः गेलो होतो. नर्सबाईंनी सलाईनचं पाणी बाटलीच्या भिंतीवरून सावकाश सोडलं, पाच मिनिटं ठेवून दिलं, मग नुसतं हळुवार फिरवलं. हलवायचं नाही. प्रथिन आहे, हलवलं की फेस येतो, आणि फेस झाला की तो बसेपर्यंत थांबावं लागतं. पिशवीत उतरलं ते दुधासारखं पांढरं. कणांवर उजेड विखुरतो म्हणून.

"ताकासारखं दिसतंय की," काकू म्हणाल्या.

अर्ध्या तासात संपलं. चेहरा लाल नाही, दम नाही. काकांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि नर्सबाईंना विचारलं, नक्की सगळं गेलं ना.

तिसऱ्या डोसानंतर काका पुन्हा दुकानात आले. काकू तांदूळ निवडायला बसतात, पण खडा बोटाला लागतच नाही म्हणाले. परवा भातात तीन निघाले. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन करायला लावला. पुढचा डोस आठवडाभर लांबवला, मात्रा उतरवली. तांदूळ सध्या काका निवडतात.